पाच जणांच्या टीमचं शूट: ब्रेकडाऊनपासून कार्ड फॉरमॅट करेपर्यंत, ठरलेल्या क्रमाने

मी एडिट करते, म्हणजे शूट संपलं की हार्डडिस्क माझ्याकडे येते, आणि छोट्या टीमच्या डिस्कमध्ये मला वर्षानुवर्षं त्याच चुका सापडतायत. कॅमेरा चांगला असतो, अ‍ॅक्टरनी जीव ओतलेला असतो, पण एका सीनचा साऊंडच नाही, किंवा दुसऱ्या दिवशीचं एक कार्ड कुठल्याच फोल्डरमध्ये नाही, आणि फोन करून विचारलं की प्रत्येकजण म्हणतो, "मला वाटलं ते तो बघतोय." मोठ्या युनिटमध्ये प्रत्येक कामाला माणूस असतो. आपल्याकडे एका माणसाकडे तीन कामं, त्यामुळे दोन माणसांच्या मधे जे काम येतं ते खाली पडतं. म्हणून खालच्या जवळपास प्रत्येक टप्प्यात माझा एकच प्रश्न असणार आहे: हे कोणाचं काम आहे, नाव सांगा.

मी इथे पाच माणसं, दहा-पंधरा मिनिटांची फिल्म, तीन-चार दिवसांचं शूट आणि वेगळ्या रेकॉर्डरवर साऊंड असं धरलंय. माणसं कमीजास्त असली तरी क्रम हाच ठेवा.

## १. आधी स्क्रिप्ट थांबवा, मग सीन फोडा

ब्रेकडाऊन (सीन-सीन फोडून प्रत्येकाला काय लागेल ते लिहिणं) सुरू केला की सीन नंबर गोठले. नंतर नवीन सीन आला तर तो १२अ होतो आणि सीन काढला तर त्याच्या नंबरपुढे "रद्द" लिहायचं, पण मागचे नंबर पुढे सरकवायचे नाहीत. क्लॅपवर (टेकच्या आधी आपटतात ती नंबरची पाटी), साऊंडच्या फाइलवर, कंटिन्यूटीच्या (शॉटमागून शॉट सगळं तसंच राहिलंय ना ते बघण्याच्या) फोटोंवर सगळीकडे तोच नंबर जाणार असतो, तो मधेच बदलला की एडिटमध्ये दोन वेगवेगळे "सीन ९" येतात आणि मग कुठला साऊंड कुठल्या ९ चा हे ओठ बघून शोधावं लागतं.

प्रत्येक सीनसाठी एक पान घ्या. त्यावर आत की बाहेर, दिवस की रात्र, कोण कोण अ‍ॅक्टर, कपडे, हातातल्या वस्तू, खास आवाज, आणि एक रकाना जो बहुतेक लोक विसरतात तो म्हणजे कथेतला दिवस. सीन ४ आणि सीन ११ एकाच संध्याकाळी घडतायत हे लेखकाला माहीत असतं, कपडे बघणाऱ्याला नसतं. कपाळावरची पट्टी, फुटलेला मोबाइल, ओले केस, अर्धी जळालेली मेणबत्ती, अशा बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या रंगाने लिहा.

लांबी मोजायला पानाचे आठ भाग करतात, म्हणजे सीन "३/८ पान" किंवा "१ पान २/८" असा लिहायचा. नीट फॉरमॅट केलेलं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असं धरतात. पण यावर शूटचा वेळ ठरवू नका. "ती घर पालथं घालते" ही एक ओळ १/८ पान आहे आणि तीन तास खाते.

तपासा: दोघांनी मिळून पूर्ण स्क्रिप्ट मोठ्याने, हालचालींसकट वाचा आणि वेळ लावा. पंधरा मिनिटांची म्हणून लिहिलेली फिल्म बावीस मिनिटांची निघाली तर कात्री आत्ताच लावा, शूटच्या तिसऱ्या दिवशी घाईघाईत लावलेली कात्री चुकीच्याच जागी लागते.

## २. कामं वाटा, नावासकट आणि कागदावर

पाच जणांत माझ्या मते चालणारी वाटणी अशी: एक दिग्दर्शक, एक कॅमेरा आणि लाइट, एक साऊंड, एक एडी (असिस्टंट डिरेक्टर) म्हणजे शेड्यूल, कॉलशीट (उद्या कोणी, कुठे, कधी यायचं तो कागद), घड्याळ आणि क्लॅप, आणि पाचवा माणूस कपडे, वस्तू, कंटिन्यूटी आणि संध्याकाळी डेटा (कार्डावरचं फुटेज डिस्कवर कॉपी करणं). यातली एक गोष्ट मात्र मोडू नका, साऊंडवाल्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. "बूम (लांब काठीवरचा माइक) धरता धरता जरा रिफ्लेक्टर पण धर" म्हटलं की त्या टेकचा साऊंड गेला असं समजा.

डेटा कॅमेरावाल्याकडे देऊ नका असं मी सांगते, कारण दिवसाच्या शेवटी सगळ्यात दमलेला तोच असतो आणि कार्ड मोकळं करायची घाईही त्यालाच असते. शॉट सोडून द्यायचा निर्णय कोणाचा, शूट थांबवायचा अधिकार कोणाचा, हेही आत्ताच ठरवा. माझं म्हणणं, काही धोकादायक दिसलं तर पाचापैकी कोणीही थांबवू शकतो आणि त्याबद्दल कोणी त्याला ऐकवायचं नाही.

मैत्रीत सगळ्यात जास्त राहून जातं ते लिखापढीचं. प्रत्येकासाठी एक पान पुरतं: क्रेडिट काय, पैसे किंवा वाटा काय, फिल्म कोणाच्या मालकीची, पुढे काही मिळालं तर कसं वाटायचं. अ‍ॅक्टरची लेखी संमती आणि जागामालकाची लेखी परवानगी शूटच्या आधी घ्या, नंतर नाही, कारण नंतर कोणी फोन उचलत नाही. मी एक पूर्ण झालेली फिल्म तशीच पडून राहिलेली बघितली आहे, एका घराची परवानगी फक्त तोंडी होती आणि मालकाचा विचार बदलला.

वेळेचंही लिहून ठेवा. काम सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत जेवण, आणि पॅकअप ते पुढचा कॉल यात किमान दहा तास. दमलेला माणूस केबलला अडखळतो, चुकीचं कार्ड फॉरमॅट करतो आणि रात्री गाडी चालवत घरी जातो, यातलं तिसरं सगळ्यात भीतीदायक आहे.

## ३. रेकी कानांनी करा

रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, सगळे डोळे घेऊन जातात. साऊंडवाल्याला बरोबर न्या, आणि ज्या वारी, ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. रविवारी सकाळी शांत वाटलेली जागा मंगळवारी दुपारी ओळखू येत नाही. आत गेल्यावर दोन मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून गप्प उभं राहायचं आणि ऐकू आलेलं लिहायचं: पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप, वरच्या मजल्यावरची पावलं, शेजारचं बांधकाम, रस्ता. यातलं काय बंद करता येतं आणि त्यासाठी कोणाला विचारावं लागेल ते समोर लिहा.

मग वीज. कुठलं सॉकेट कुठल्या सर्किटवर आहे ते बघा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर, म्हणजे २००० वॅटचे लाइट २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतात आणि १२० व्होल्टवर जवळपास १७. सगळे लाइट एकाच सर्किटवर आणि त्यावर घरातली बाकीची यंत्रं, मग टेकच्या मधे फ्यूज जाणारच.

ऊन कुठून कुठे जातं ते मोबाइलच्या कंपासवर बघून खोलीच्या नकाशावर बाण काढा, चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या, आणि सामान, कपडे बदलणं, टॉयलेट कुठे तेही लिहा.

तपासा: तिथे एक मिनिट रिकाम्या खोलीचा साऊंड रेकॉर्ड करा आणि घरी हेडफोन लावून ऐका. जागेवर कान सरावतात आणि घरघर ऐकू येईनाशी होते, घरी लगेच कळतं.

## ४. शेड्यूल पानांवर नाही, सेटअपवर बांधा

आधी एका जागेचे सगळे सीन एकत्र करा, त्यात दिवस आणि रात्र वेगळी करा, मग अ‍ॅक्टरच्या तारखा, मग कपडे. बाहेरचे सीन पहिल्या दिवसांत घ्या आणि पाऊस आला तर त्याच दिवशी करता येईल असा आतला एक सीन तयार ठेवा. रात्रीचं शूट शेवटी टाका, मधे टाकलं तर पुढचा अख्खा दिवस झोपेत जातो. पहिल्या दिवशीचा पहिला शॉट सोपा हवा, टीमचा हात बसायला वेळ लागतो. फिल्मचा सगळ्यात जड सीन पहिल्या दिवशी ठेवणं ही मी नेहमी बघते ती चूक, अ‍ॅक्टर अजून एकमेकांना ओळखत नसतात आणि ते पडद्यावर दिसतं.

आता हिशोब करा. दहा तासांचा दिवस म्हणजे ६०० मिनिटं, त्यातून जेवणाचा एक तास, सकाळी पहिलं लाइटिंग एक तास, पॅकअप पाऊण तास, उरली ४३५ मिनिटं. लाइट बदलून, रिहर्सल करून, तीन-चार टेक घेऊन एका सेटअपला (कॅमेरा आणि लाइटची एक मांडणी) ३५ मिनिटं धरली तर बारा सेटअप होतात. तुमच्या शॉटलिस्टमध्ये त्या दिवशी सव्वीस असतील तर शेड्यूल खोटं आहे, मग सकाळचे शॉट चांगले होतात आणि संध्याकाळचा महत्त्वाचा सीन एकाच वाइडमध्ये (लांबून सगळं दिसणाऱ्या शॉटमध्ये) उरकला जातो.

म्हणून प्रत्येक शॉटपुढे तीनपैकी एक खूण करा: याच्याशिवाय सीन जोडलाच जात नाही, असला तर बरा, वेळ उरला तर. पहिली खूणवाले आधी संपवायचे. कॉलशीट आदल्या संध्याकाळी सगळ्यांना गेली पाहिजे आणि सगळ्यांचं "मिळालं" असं उत्तर येईपर्यंत एडीने झोपायचं नाही. त्यात पत्ता, प्रत्येकाची वेळ, सीनचा क्रम, सूर्योदय-सूर्यास्त, जवळचा दवाखाना आणि एकच फोन नंबर, जो उचलला जाईल.

## ५. एका मिनिटाची टेस्ट, शेवटपर्यंत

हा टप्पा लोक गाळतात आणि माझ्याकडे येणारे अर्धे प्रॉब्लेम इथलेच असतात. शूटच्या चार-पाच दिवस आधी त्याच कॅमेऱ्यावर, त्याच रेकॉर्डरवर, त्याच कार्डावर एक मिनिट काहीही शूट करा, क्लॅप द्या, कॉपी करा, साऊंड जुळवा, थोडं कापा, एक्सपोर्ट करा आणि दुसऱ्या स्क्रीनवर बघा. नुसतं "कॅमेरा चालू होतो" ही टेस्ट नाही.

या वेळी चार गोष्टी ठरवून कॅमेऱ्याच्या बॅगेवर चिकटवा:

फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) एकच, २४ किंवा २५, आणि दुसरा कॅमेरा किंवा मोबाइल वापरणार असाल तर तोही तसाच. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा फ्रेम रेट आपोआप कमीजास्त करतो, त्यामुळे लांब टेकमध्ये साऊंड हळूहळू सरकतो, म्हणून फ्रेम रेट लॉक होणारं अ‍ॅप घ्या.

शटर साधारण फ्रेम रेटच्या दुप्पट, पण जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे १/५० आणि ६० हर्ट्झची आहे तिथे १/६०, नाहीतर काही ट्यूबलाइट आणि एलईडी लुकलुकतात. लुकलुक कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसेलच असं नाही.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणूनची सेटिंग) ऑटोवर कधीच नको. उन्हात ५६०० केल्विन, टंगस्टनच्या पिवळसर लाइटखाली ३२०० पासून सुरुवात करा, आणि सीन संपेपर्यंत तो आकडा बदलायचा नाही.

साऊंड ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू ठेवा, तो आवाज फिल्ममध्ये जाणार नाही पण साऊंड जुळवताना तोच वाचवतो.

कार्ड किती लागतील तेही आत्ताच काढा. १०० मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. दिवसाला दोन तास रोल झालं तर ९० जीबी, चार दिवसांचे ३६०, आणि हे सगळं तीन ठिकाणी ठेवायचंय हे विसरू नका.

थांबा: टेस्टची फाइल एडिटरच्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला शूटनंतर अशा फॉरमॅटचं फुटेज आलंय जे माझ्या मशीनवर चालतच नव्हतं, प्रॉक्सी (एडिटसाठी हलक्या फाइल्स) बनवण्यात आठवडा गेला.

## ६. शूटचा दिवस: सेटअपमधला क्रम

क्रम असा: अ‍ॅक्टरबरोबर ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहणार, कुठे जाणार ते ठरवणं), जमिनीवर टेपने खुणा, अ‍ॅक्टर कपडे-मेकअपला, तोवर लाइट, मग कॅमेरा आणि साऊंडसकट एक रिहर्सल, मग टेक. बहुतेक टीम आधी लाइट लावतात आणि मग अ‍ॅक्टर म्हणतो मी तर खिडकीपाशी जाईन, झालं, चाळीस मिनिटं पाण्यात.

टेकच्या हाका प्रत्येक वेळी त्याच. एडी "शांतता", मग "साऊंड", साऊंडवाला "स्पीड", मग "कॅमेरा", कॅमेरावाला "रोलिंग", क्लॅपवाला मोठ्याने "सीन ७, शॉट ब, टेक ३", क्लॅप, तो बाजूला झाला की दिग्दर्शक "अ‍ॅक्शन". रेकॉर्डर आधी चालू, कॅमेरा नंतर. क्लॅप फ्रेममध्ये पूर्ण दिसली पाहिजे आणि फोकसमध्ये पाहिजे, अ‍ॅक्टरच्या नाकासमोर ती जोरात आपटू नका. सुरुवातीला क्लॅप देता आली नाही तर शेवटी द्या, पण पाटी उलटी धरून, म्हणजे मला कळतं की ही शेवटची क्लॅप आहे. साऊंड नसलेल्या शॉटला क्लॅपच्या मधे बोटं धरतात, हे केलं नाही तर मी नसलेली साऊंड फाइल तासभर शोधत बसते.

"कट" म्हणायच्या आधी मनात तीन मोजा. अ‍ॅक्टरच्या शेवटच्या वाक्यानंतरचे ते तीन सेकंद एडिटमध्ये सोन्यासारखे असतात.

एका दिशेचे सगळे शॉट संपवून मगच कॅमेरा दुसऱ्या बाजूला न्या, वाइड आधी, मग जवळचे. याला एक अपवाद मी मानते, रडण्याचा किंवा खूप आतून येणारा सीन असेल आणि अ‍ॅक्टर पहिल्या टेकमध्येच सगळं देणारा असेल तर क्लोज आधी घ्या, वाइडला थोडं कमी असलं तरी चालतं. दोन अ‍ॅक्टरना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नाही, गोंधळ झाला तर जमिनीवर टेप लावून ठेवा.

प्रत्येक सेटअपनंतर पाचव्या माणसाने फोटो घ्यायचा: हात कुठे, ग्लास किती भरलेला, बाही दुमडलेली का. आणि चांगले टेक तिथल्या तिथे लिहायचे, "टेक ४ चांगला, शेवटचं वाक्य टेक २ चं". रात्री आठवून लिहू म्हटलं तर ते लिहिलं जात नाही.

## ७. साऊंड: जवळ जा, ऐका, खोली रेकॉर्ड करा

माइक जितका जवळ तितका चांगला, यापुढे बाकी सगळं दुय्यम. बूम वरून, फ्रेमच्या अगदी काठावर, तोंडाकडे नाही तर छातीकडे रोखलेला. बोलण्याचे सगळ्यात मोठे आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असला तर लेव्हलची चिंता कमी होते, पण माइकमध्येच आवाज फाटला, वारा आत शिरला किंवा माइक लांब राहिला तर तो रेकॉर्डर काही करू शकत नाही. हेडफोन टेकभर कानावर हवेत, नुसता मीटर हलताना दिसतो म्हणून भागत नाही. लेपलवर (कपड्याला लावलेल्या छोट्या माइकवर) कापड घासतंय हे मीटर सांगत नाही.

क्लोज घेताना समोरच्या अ‍ॅक्टरने याच्या वाक्यावर चढून बोलू नये, तो चढाव मी एडिटमध्ये हवा तेवढा करू शकते, उलटं करता येत नाही. विमान किंवा हॉर्न वाक्यावर आला तर साऊंडवाल्याने कटनंतर लगेच सांगायचं आणि पुढच्या पाच मिनिटांत, अ‍ॅक्टर त्याच भावनेत असताना, कॅमेऱ्याशिवाय तेवढी वाक्यं तीन-चारदा रेकॉर्ड करून घ्यायची. महिन्याभराने डबिंग करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

जागा सोडायच्या आधी प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज, किमान ३० सेकंद, शक्यतो मिनिटभर. सगळे जागच्या जागी, लाइट चालू, माइक तोच. सामान आवरायला सुरुवात झाली की हे होत नाही, म्हणून "पॅकअप" म्हणायच्या आधी एडीने हे मागायचं.

आठवण: फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, तो पुन्हा चालू केल्याशिवाय तुम्ही निघूच शकत नाही.

## ८. कार्ड ते डिस्क

इथे फुटेज उडतं. कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की त्यावर लाल टेप लागते आणि ते थेट डेटावाल्याच्या हातात जातं, खिशात नाही, टेबलावर नाही. रिकाम्या कार्डांना हिरवी टेप. लाल टेप फक्त डेटावालाच काढू शकतो.

कॉपी करताना कार्डाचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं घ्या, आतल्या व्हिडिओ फाइल्स निवडून घेऊ नका, काही कॅमेरे एक लांब टेक तुकड्यांत लिहितात आणि बाजूच्या छोट्या फाइल्स गेल्या की तुकडे जुळवायला त्रास होतो. फोल्डरचं नाव दिवस, कॅमेरा, कार्ड नंबर असं, "दि०२_कॅमअ_कार्ड०३". "नवीन", "नवीन २", "फायनल" अशी नावं नकोत.

नुसतं ड्रॅग करून कॉपी करू नका. चेकसम करणारं सॉफ्टवेअर वापरा, ते मूळ फाइल आणि कॉपी ताडून बघतं आणि रिपोर्ट देतं, तो रिपोर्ट फोल्डरमध्येच ठेवा. तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या छताखाली. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवून एकाच गाडीतून नेल्या तर चोरीच्या किंवा अपघाताच्या दृष्टीने ती एकच प्रत आहे. साऊंडचं कार्डही याच रांगेत, कॅमेऱ्याच्या कार्डांच्या गडबडीत तेच राहून जातं.

मग बघा. प्रत्येक कार्डाची पहिली, मधली आणि शेवटची क्लिप डिस्कवरून उघडून, आवाजासकट. क्लिपची संख्या नोंदीशी जुळवा, नोंदीत २३ टेक आणि फोल्डरमध्ये २२ असतील तर तो एक टेक आज रात्रीच शोधायचा, अ‍ॅक्टर आणि जागा अजून हातात असताना.

## ९. एडिटरकडे देणं, आणि मगच फॉरमॅट

डिस्कबरोबर एवढं द्या: शूट झालेली स्क्रिप्ट (बदलांसकट), टेकच्या नोंदी, साऊंडच्या नोंदी, कंटिन्यूटीचे फोटो, चेकसम रिपोर्ट, आणि फ्रेम रेट वगैरे लिहिलेला तो बॅगेवरचा कागद. मी आल्या आल्या प्रत्येक दिवसाचा एक तरी टेक जुळवून बघते आणि टीमला लिहून कळवते की सगळं उघडलं.

कापताना कुठलं तरी प्रसिद्ध गाणं तात्पुरतं खाली टाकायची सवय असेल तर ते पहिल्याच आठवड्यात काढा, सगळ्यांचे कान त्याला चिकटतात आणि त्याचे हक्क आपल्याकडे नसतात. आणि साऊंड, कलर, संगीत हे सगळं पिक्चर लॉक झाल्यावरच, म्हणजे यापुढे एकही कट बदलायचा नाही असं ठरल्यावरच, सुरू करा. लॉकनंतर "फक्त चार फ्रेम काढल्या" तरी तिघांना परत जुळवत बसावं लागतं, म्हणून लॉक झालं हे कोणी म्हणायचं ते नाव टप्पा २ च्या कागदावर आधीच असू द्या.

कार्ड पुरेशी असतील तर शूटभर एकही फॉरमॅट करू नका. पुरत नसतील तर दोन प्रती ताडून आणि डोळ्यांनी बघून झाल्या की डेटावाला लाल टेप काढतो, हिरवी लावतो, आणि कार्ड कॅमेरावाल्याला हातात देताना मोठ्याने म्हणतो "दोन प्रती आहेत, बघितल्या आहेत". तो ते परत म्हणतो, कार्ड कॅमेऱ्यात घालतो, आणि कॅमेऱ्यातच, कॉम्प्युटरवर नाही, फॉरमॅट करतो.